बारा मिनिटांची यादी

बोरदरी धरणाच्या वायरलेस केंद्रावर वीरुपाक्ष अप्पा एकवीस वर्षं होता, आणि त्याच्याबद्दल चांगलं बोलणारा माणूस जिंतूर तालुक्यात शोधूनही सापडला नसता. माणूस वाईट होता असं नाही. लाच खात नव्हता, दारू पीत नव्हता, सकाळी इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नव्हता. पण कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढून तो खोलीत शिरला की चपराशी बिडी विझवायचा आणि मनातल्या मनात शिवी द्यायचा. अप्पाच्या खिशात नियमांचं पुस्तक असायचं. कुणी काही मागितलं की तो आधी पुस्तक काढायचा, मग चष्मा, आणि मग 'नाही' म्हणायचा.

त्याचं खरं काम एकच होतं. रोज दुपारी चारला परभणीला यादी पाठवायची. पावसाळ्यात साठ ठिकाणांच्या पावसाची, हिवाळ्यात कालव्याच्या साठ दारांतून सुटलेल्या पाण्याची. प्रत्येक ठिकाणाचे दोन आकडे, प्रत्येक आकडा चार अंकी. मोर्सच्या कीवर बोट ठेवून कट्ट-कड करत एकेक अंक पाठवायचा. ऐकण्यात चूक होऊ नये म्हणून प्रत्येक आकडा दोनदा. या सगळ्याला चाळीस मिनिटं लागायची. पुस्तकात लिहिलं होतं की यादी एकदा सुरू झाली की मध्ये तोडायची नाही. अप्पाला ते पान तोंडपाठ होतं.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. एसटी बंद, बाजार बंद, टेलिफोनच्या तारा तोडलेल्या. अशात एका दुपारी चारला, यादी नुकतीच सुरू झाली होती तेव्हा, खैरवाडीचा एक एकोणीस वर्षांचा पोरगा नऊ किलोमीटर सायकल हाणत धरणावर आला. हातात ग्रामसेवकाची चिठ्ठी होती. बौद्धवाड्यावर जमाव आला आहे, ताबडतोब पोलीस पाठवा, एवढंच लिहिलेलं. परभणीला सांगायला आसपासच्या वीस गावांत तेवढं एकच यंत्र चालू होतं आणि त्याच्यावर अप्पाचं बोट होतं.

"यादी चालू हाय," अप्पा म्हणाला. "संपू दे."

पोरगा तीनदा बोलला. पहिल्यांदा विनवून, दुसऱ्यांदा हात जोडून, तिसऱ्यांदा ओरडून. तिसऱ्यांदा अप्पानं त्याला खोलीबाहेर काढायला लावलं, कारण आवाजानं आकडे चुकत होते. यादी संपली, तेव्हा पाच वाजायला वीस मिनिटं होती. मग अप्पानं चिठ्ठी घेतली, रजिस्टरात क्रमांक टाकला आणि दोन मिनिटांत पाठवून दिली. पोलिसांची गाडी त्यानंतर अर्ध्या तासात खैरवाडीत पोचली. तोवर सतरा घरांची राख होऊन गेली होती. त्या पोराचा बाप सिताराम दावणीची जनावरं सोडायला आत शिरला होता, तो तिसऱ्या दिवशी गेला. पुढं चौकशी झाली. अप्पानं पुस्तकातलं पान उघडून दाखवलं, वरच्यांनी मान डोलावली आणि कागद फडक्यात बांधून वर ठेवला.

तो पोरगा म्हणजे सूर्यभान. चार वर्षांनी, ब्याऐंशीत, तो नेमणुकीचा हुकूम घेऊन बोरदरीला हजर झाला. मोर्सच्या परीक्षेत पहिला आला होता.

"दुसरीकडं जागा न्हवत्या का?" अप्पानं हुकूम उलटासुलटा करत विचारलं.

"होत्या."

"मग हितंच कामून?"

सूर्यभान खुर्ची ओढून दुसऱ्या टेबलाशी बसला. त्या दिवसापासून त्यानं अप्पाशी दोनच शब्द वापरले. काम समजलं की 'हां' आणि काम संपलं की 'झालं'. अप्पाच्या माठातलं पाणी तो प्यायला नाही, घरून बाटली आणायचा. महानंदानं, अप्पाच्या बायकोनं, उन्हाळ्यात ताकाचा तांब्या पाठवला, तर तो संध्याकाळपर्यंत तसाच राहिला आणि नासला. एका पिढीआधी हेच उलट्या बाजूनं चालायचं आणि तेव्हा अप्पाच्या घरच्या कुणालाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. आता मात्र नासलेलं ताक बघून अप्पाला झोंबलं.

झोंबण्यालायकच होतं ते. रोज आठ तास, सहा फुटांवर, एक माणूस पाठमोरा बसतो आणि तुमच्याशी भांडतसुद्धा नाही! अप्पानं त्याच्या कामात खोट काढायचा जंग जंग प्रयत्न केला. उशिरा येतो का, आकडा चुकतो का, रजिस्टरात खाडाखोड करतो का. काही मिळेना. सूर्यभानचा हात अप्पाच्या हातासारखाच सफाईदार होता, आणि तेही अप्पाला सहन होत नव्हतं.

रात्री जेवताना तो महानंदाजवळ धुसफुसायचा. ती एकदा वैतागून म्हणाली, "त्याच्या आईच्या दारात एकदा जाऊन या की. कडूबाई अजून तिथंच ऱ्हाते, खैरवाडीला."

"नियम काय होता ठाऊक हाय का तुला?"

"मी नियमाचं कुठं बोलायलेय?"

अप्पानं ताट सारलं. खैरवाडीला जाणं म्हणजे चूक कबूल करणं, आणि चूक तर झालीच नव्हती. चूक चाळीस मिनिटांची होती. यादी लांब होती, त्याला अप्पा काय करणार? हे त्यानं स्वतःला इतक्यांदा सांगितलं की त्यातूनच पुढचा उद्योग सुरू झाला. यादी लहान करायची. ती चाळीस मिनिटं मुळातून उपटून टाकायची. मग सूर्यभानला एक दिवस तोंड उघडावंच लागेल. 'अप्पा, तुमच्याकडून झालं ते झालं,' एवढं त्यानं म्हणावं, यापलीकडं अप्पाला काही नको होतं. बढती नको, बक्षीस नको. तेवढं एक वाक्य त्या माणसाच्या तोंडून यायला हवं होतं, आणि त्यासाठी तो दोन वर्षं कागदावर रेघोट्या मारत बसला.

युक्ती अशी होती. केंद्रावर एक जादा सेट पेटीत बंद पडून होता. अप्पानं ठरवलं की चार अंकी आकड्याचे दोन तुकडे करायचे. चारठाण्याचा पाऊस १२०४, म्हणजे १२०.४ मिलिमीटर, असेल, तर १२ पहिल्या सेटवरून जाईल आणि त्याच क्षणी ०४ दुसऱ्या सेटवरून, वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर. परभणीला दोघं जण दोन पट्ट्यांवर उतरवून घेतील आणि पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवतील, की आकडा अख्खा. आकडा दोनदा पाठवायचीही गरज नाही. दर दहा तुकड्यांनंतर त्यांची बेरीज पाठवायची. बेरीज जुळली तर पुढं चला, नाही जुळली तर तेवढेच दहा परत मागा. अप्पानं हिशेब मांडला. चाळीस मिनिटांचं काम बारा मिनिटांत होत होतं.

साहेब लोक ज्यासाठी परदेशात जातात तसलं काहीतरी एका नाकासमोर चालणाऱ्या माणसानं धरणावरच्या खोलीत बसून काढलं होतं, हे त्याच्या कट्टर वैऱ्यालाही मान्य करावं लागेल. अडचण एकच होती. दोन्ही हात एका वेगानं चालले पाहिजेत. एक पुढं, एक मागं झाला की पट्ट्यांचा मेळ बसणार नाही. अप्पाच्या वेगाचा दुसरा हात अख्ख्या जिल्ह्यात एकच होता, आणि तो त्याच्याकडं पाठ करून बसला होता.

अप्पानं तोंडी सांगितलं नाही. रजिस्टरात हुकूम लिहिला, सूर्यभाननं वाचला, खाली सही केली.

"समजलं का?"

"हां."

चौऱ्याऐंशीच्या ऑगस्टात पहिली यादी गेली. उपअभियंता माणिकराव साहेब स्वतः घड्याळ घेऊन उभे होते. चार वाजता दोन्ही कीवर एकदम बोटं पडली. दोन माणसं एकमेकांकडं न बघता, एका शब्दानं न बोलता, एकच आकडा अर्धा अर्धा पाठवत होती, आणि ठेका इतका जुळलेला की ऐकणाऱ्याला वाटावं जुने दोस्त आहेत. चार वाजून बारा मिनिटांनी सूर्यभान "झालं" म्हणाला. परभणीहून उत्तर आलं, सगळ्या बेरजा जुळल्या. साहेबांनी अप्पाच्या पाठीवर थाप मारली. अप्पानं सूर्यभानकडं बघितलं. तो खिडकीची कडी लावत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा चेहरा वेगळा होता. परभणीच्या कागदावर चारठाण्याला एक्केचाळीस मिलिमीटर पाऊस होता, आणि चारठाण्याचा माणूस ओरडून सांगत होता की ओढ्यावरचा पूल कालपासून पाण्याखाली आहे. उलट देवगाव फाट्याला नव्वद मिलिमीटर दाखवला होता, म्हणून वरून जीप धाडली, तर फाट्यावर धुरळा उडत होता आणि चहावाला टपरीपुढं पाणी शिंपडत होता.

"कलेक्टरच्या बैठकीत माझं हसं झालं," माणिकराव साहेब गरजले. "बेरजा जुळल्या म्हणता आणि पाऊस भलतीकडंच! कुणाचं काम हाय हे?"

अप्पानं एक क्षणही घेतला नाही. "ह्याचं. मुद्दाम केलंय ह्यानं. माझ्यावर डूख धरून बसलाय, सहा वर्षं झाली."

खोलीत चपराशी होता, दोन कालवा निरीक्षक होते. सूर्यभान उठला, आपला कागद साहेबांपुढं ठेवला. "मी पाठवलेलं ह्याच्यावर हाय. ताडून बघा." बस्स, इतकंच. पण कागद कोण बघतो! साहेबांना चिडायला माणूस हवा होता आणि तो अप्पानं हाताला धरून पुढं केला होता. दुपारी सूर्यभानला मेमो मिळाला, कामात घातपात केल्याचा.

अप्पा पुरावा गोळा करायला दुसऱ्या दिवशी एसटीनं परभणीला गेला. तिथं यादी चिकटवायचं काम किशनरावकडं होतं. छप्पन वर्षांचा शांत, पानखाऊ कारकून. अप्पानं दोन्ही पट्ट्या मागवल्या. पट्ट्या बिनचूक होत्या. पहिलीवर १२, दुसरीवर ०४. सूर्यभानचा एकही अंक हललेला नव्हता. मग किशनरावनं चिकटवलेला तक्ता पुढं केला, तर तिथं ०४१२, आणि देवगाव फाट्याच्या ०००९ चं ०९००.

"ही पहिली पट्टी उजवीकडं कामून लावलीस?"

किशनराव पान खाता खाता थांबला. "मग कुठं लावू? अव्वल खाना उजव्या हातालाच असतोय की."

निजामाच्या शाळेत तो उर्दूतून शिकला होता. नोकरीची पहिली वर्षं त्यानं उर्दू दफ्तरं पाहिली होती, आणि त्यात पहिला रकाना उजवीकडून सुरू व्हायचा. हैदराबाद संपून छत्तीस वर्षं झाली, दफ्तर मराठी झालं, पण कुणी त्याला डावं-उजवं सांगितलं नव्हतं. दोन कागद शेजारी लावायला सांगितले, त्यानं जन्मभराच्या सवयीनं पहिला उजवीकडं लावला. बेरजा पट्टीच्या पट्टीवर होत्या, त्यामुळं त्या जुळणारच. अप्पाच्या हुकमात 'शेजारी लावा' एवढंच होतं, कुठल्या बाजूला ते नव्हतं. म्हणजे चूक कुणाची असेल तर हुकूम लिहिणाऱ्याची.

येताना एसटीत अप्पा खिडकीला डोकं टेकून बसला होता. त्याला राग आला होता, आणि कुणावर काढावा ते सापडत नव्हतं.

मेमो मागं घेतला गेला. साहेबांनी तो कागदावरच घेतला, त्यांचं काय जातं. अप्पानं खोलीत शिरून टोपी काढली, खुर्ची सरळ केली, सेट पुसला. मग सूर्यभानच्या पाठीला सांगितलं, "परभणीची चूक होती."

"हां."

घरी महानंदाला कळलं, तेव्हा तिनं भाकरी तव्यावर टाकून दिली आणि वळून बघितलं. "चार माणसांत त्याच्यावर आळ घेतलाव आणि माफी परभणीच्या नावावर मागितलीव? जरा तरी वाटू द्या."

"माफी कुठं मागितली मी?"

"तेच म्हणायलेय."

पट्ट्यांवर आता बाण काढला जाऊ लागला आणि यादी सुरळीत चालू झाली. एक वर्ष, दोन वर्षं, नऊ वर्षं. बारा मिनिटांची यादी बघायला दुसऱ्या धरणांवरचे ऑपरेटर येऊन गेले. अप्पाला मुख्य कार्यालयाचं प्रशस्तिपत्र मिळालं. त्यावर एकच नाव होतं. अप्पानं ते खोलीत टांगलं, चार दिवस सूर्यभानच्या तोंडाकडं पाहिलं आणि पाचव्या दिवशी न राहवून म्हणाला, "आता कुणाला चाळीस मिनिटं थांबावं लागत न्हाई."

सूर्यभाननं सेटवर कापड घातलं. "झालं," तो म्हणाला आणि सायकल घेऊन निघून गेला. अप्पा त्या दिवशी चपराश्यावर विनाकारण खेकसला. नऊ वर्षं एक माणूस आपला अर्धा आकडा चोख देतो आणि वर एक अक्षर देत नाही, या चिकाटीचा अप्पाला मनापासून तिटकारा आला होता.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, ऐन संक्रांतीला, विद्यापीठाचा नामविस्तार जाहीर झाला. पुन्हा गावागावांतून लोक पारावर जमू लागले, पुन्हा कुणी कुणाला रस्त्यात अडवलं. फोन धड चालत नव्हते. तिसऱ्या दिवशी चारला कालव्याच्या पाण्याची यादी सुरू झाली. अप्पाच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. मिनिटभर गेलं असेल, तेवढ्यात कोतवाल आश्रुबा धापा टाकत आत आला. पलीकडच्या गावचा, साठीचा माणूस, पायात एकच वहाण राहिली होती. तो सरळ अप्पाच्या टेबलाशी गेला, कारण मोठा कर्मचारी अप्पा होता.

"अप्पा, पाटलांची चिठ्ठी हाय. बौद्धवाड्यापुढं लोक जमायलेत. हातात रॉकेलचे डबे हायेत, मी बघून आलो. पोलीस पायजेत, आत्ताच्या आत्ता."

अप्पाचं बोट कीवर चालू होतं. त्याला ऐकू आलं, नीट ऐकू आलं. पण बोटाला एकवीस वर्षांची सवय होती, आणि तोंडालाही.

"यादी चालू हाय. बाराच मिनिटांची हाय आता. बाहेर थांब."

शेजारची टकटक थांबली.

सूर्यभाननं हात उचलला होता. त्यानं आश्रुबाच्या हातातली चिठ्ठी घेतली, वाचली, परभणीला 'यादी तोडतो' अशी खूण दिली आणि मजकूर पाठवायला लागला. गावाचं नाव, वस्ती, डबे, वेळ. दोन मिनिटं पुरली. परभणीहून लगेच उत्तर आलं, जिंतूरची गाडी निघते आहे. त्यानं आश्रुबाला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. गाडी पोचली, तेव्हा डबे भरलेले होते आणि घरं उभी होती. हे नंतर कळलं.

त्या वेळी मात्र माणिकराव साहेबांच्या जागी आलेला नवा साहेब परभणीच्या केंद्रावर बसून होता आणि दुसऱ्या सेटवर त्याचा सवालावर सवाल कडकडत होता. एका पट्टीवर आकडे येतायत, दुसरीवर नाहीत, नुसत्या अर्ध्या आकड्यांचं करू काय, यादी कुणी तोडली, नाव सांगा. अप्पा घामाघूम झाला. एकवीस वर्षांत बोरदरीची यादी कधी तुटली नव्हती. तो खुर्चीतून अर्धा उठला आणि त्याच्या तोंडून निघालं ते हे:

"हात कामून उचललास? नियम ठाऊक हाय ना तुला?"

सूर्यभान वळला. बारा वर्षांत पहिल्यांदा तो अप्पाच्या तोंडाकडं बघून बोलला.

"अप्पा," तो म्हणाला.

त्या एका शब्दासरशी अप्पा परत खुर्चीत बसला. इतक्या वर्षांनी, असं वाटलं त्याला. आता म्हणेल.

"अप्पा, तुमची यादी लय वेगाची झाली. तवा मला चाळीस मिनिटं थांबवलंव, आज ह्याला बारा थांबवायलेव. मला तवा बी वेगाची यादी नको होती. हात उचलणारा माणूस पायजे होता."

मग त्यानं नव्या साहेबाला सेटवरून आपलं नाव सांगितलं, स्पेलिंगसकट, आणि आश्रुबाला सायकलवर मागं बसवून तो त्याच्या गावाकडं निघाला. चपराशी दारात उभा होता, तोही बाजूला झाला. शेवटी रोजची सही करायची म्हणून अप्पानं पाठवलेल्या प्रत्येक आकड्यावर खूण करायचा तो आपला कागद ओढला, तेव्हा त्याला दिसलं की आश्रुबा बोलत असताना, चिठ्ठी जात असताना, साहेब सवाल करत असताना त्याचं बोट चालूच होतं. त्याच्या बाजूचे अर्धे आकडे शेवटच्या दारापर्यंत गेले होते, आणि त्यांच्या बेरजा बरोबर होत्या.